कमी किलोमीटरची प्रतिष्ठा

जुन्या गाडीच्या जाहिरातीत ‘गाडी फारशी चाललेली नाही’ हे वाक्य ज्या दिमाखात छापले जाते, त्या दिमाखाला पहिला तडा बहुधा पुढच्या चाकांच्या आत जातो. कारण इंजिन आणि सीटवरचे मूळ प्लास्टिक जपून टिकत असले, तरी ब्रेकची डिस्क जपल्यानेच बिघडते. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी जाड चकती; ब्रेक दाबला की पॅड नावाच्या घर्षणपट्ट्या तिला दोन्ही बाजूंनी आवळतात आणि गाडीच्या वेगाची उष्णता होते. ही चकती सहसा बिडाची, म्हणजे भरपूर कार्बन असलेल्या ओतीव लोखंडाची असते, आणि हा कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असल्यामुळे उष्णता झटकन पसरते व कंपने जिरतात, मात्र गंज रोखला जात नाही. घासणाऱ्या पृष्ठभागाला रंग द्यावा तर तो पहिल्या काही ब्रेकांतच निघून जाणार, आणि मोटारसायकलीप्रमाणे स्टेनलेस पोलाद वापरावे तर ते बिडाइतकी उष्णता वाहून नेत नाही. सबब या भागाचे रक्षण चालकाच्या उजव्या पायावर सोपवलेले आहे: तो जितक्यांदा ब्रेक दाबेल, तितक्यांदा पॅड रात्रीतून धरलेला तांबूस थर पुसून काढतील.

सापेक्ष आर्द्रता, म्हणजे हवेत मावू शकेल इतक्या बाष्पापैकी प्रत्यक्षात असलेल्या बाष्पाचे प्रमाण, सुमारे ६० टक्क्यांवर गेले की लोखंड झपाट्याने गंजू लागते, आणि मुंबई, ठाणे व कोकणपट्टीत पावसाळाभर ते बहुतांशी त्याच्या वरच असते. त्यात खाऱ्या हवेतील क्लोराइडची भर पडते. अशा हवेत गाडी रोज थोडी तरी फिरावी हे शहाणपण सर्वमान्य असले, तरी गाडी काढली की पार्किंगची जागा जाते हे सत्य अधिक सर्वमान्य असल्याने ती उभीच राहते, आणि किलोमीटरचा आकडा वाढत नाही म्हणून मालक सुखावतो. प्रस्तुत लेखक हा आकडा कोणी न विचारताही सांगतो.

येथे कव्हर या वस्तूचा विचार मूळ विषयाला परवडेल त्याहून अधिक विस्ताराने करणे भाग आहे. कव्हर हे चंदेरी रंगाचे, कडेला इलॅस्टिक असलेले आणि आरशांसाठी दोन कान शिवलेले वस्त्र असून, ते घालण्यास दोन माणसे आणि काढण्यास एक निर्धार लागतो. हा निर्धार भाजी आणण्याच्या कामी सहसा पुरत नसल्यामुळे मालक रिक्षा करतो, आणि अशा रीतीने गाडी वापरण्यातील सर्वांत मोठा अडथळा गाडीच्याच अंगावर पांघरलेला राहतो. आतली गाडी कोणती हे शेजाऱ्यांना नेमके कळत नाही, हा त्याचा सामाजिक लाभ आहे. आत मांजराचे बिऱ्हाड थाटले जाते, हा मांजराचा. शास्त्राच्या दृष्टीने मात्र भिजल्या गाडीवर चढवलेले कव्हर खालची ओल कोंडून ठेवते, आणि गाडी पुसणारा माणूस पहाटे ते उचलून न चाललेली चाकेही नेमाने धुऊन जात असेल, तर डिस्कला रोज नवे पाणी मिळते.

हा मालक बेफिकीर असतो असे मात्र म्हणता येणार नाही. पुष्कळदा गाडी परदेशी असलेल्या मुलाची असते. वडील दर रविवारी तिच्यात बसून काही मिनिटे इंजिन चालू ठेवतात, डॅशबोर्ड पुसतात आणि मुलाच्या उंचीनुसार मागे सरकवलेली सीट पुढे घेत नाहीत. तेवढ्याने इंजिनात तेल फिरते. चाक जागचे हलत नाही, म्हणून पॅडही काही पुसत नाहीत.

पुढे ब्रेक दाबला की खरखर ऐकू येते, पायाखाली पेडल थरथरते आणि कार्यशाळेत चकतीवर खोल खळगे दाखवले जातात. वरवरचा गंज काही ब्रेकांत निघतो. खळगे पडल्यास लेथवर घासून पाहावे लागते, आणि चकतीवरच कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जावे लागणार असेल तर ती बदलण्यावाचून गत्यंतर नसते. जी झिजलीच नाही, त्या चकतीला ‘झिजणाऱ्या भागां’च्या यादीत बसवून वॉरंटी नाकारण्याचे तर्कशास्त्र मात्र संतापजनक आहे. विजेच्या गाड्यांत मोटरच वेग कमी करत असल्याने ब्रेक क्वचित लागतो व हाच प्रश्न उद्भवतो; फोक्सवागनने आयडी.४ला मागे बंदिस्त ड्रम ब्रेक दिले, त्यामागे हेही एक कारण आहे.

तेव्हा रविवारच्या मालकांना विनंती अशी की, इंजिन जागेवर घुमवण्याऐवजी गाडी फाटकाबाहेर काढून काही किलोमीटर चालवावी, मागे कोणी नाही हे पाहून ब्रेक चांगला दाबावा, आणि धुतल्यानंतर तर हे अवश्य करावे. फार दिवस ठेवायची झाल्यास सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना ठोकळे लावून आणि हँडब्रेक सोडून ठेवावी, नाहीतर मागच्या ड्रममधले लायनर चिकटतात. परत येईपर्यंत पार्किंगची जागा गेली असल्यास त्याला इलाज नाही.