तथाकथित घूस

सोसायटीची नोटीस आली आहे. लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून, शिक्क्यासकट. ‘आपल्या मालकीच्या श्वानाने पहाटेच्या सुमारास पार्किंगमध्ये एक तथाकथित घूस मारून ती बेट बॉक्स क्रमांक ७ शेजारी आणून ठेवली. त्यामुळे सोसायटीची बदनामी झाली. सबब आपणांस रु. ५०० दंड का करू नये, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा.’

दंडाचं काही नाही. ‘श्वान’ही चालेल, नोटिशीत शिरलं की कुत्रं संस्कृत बोलू लागतं. मी अडकलोय तो ‘तथाकथित’पाशी.

ती घूस मी पाहिली आहे. वॉचमनने शेपटीला धरून उचलली तेव्हा “साहेब, पाऊण किलो तरी असेल,” असं तो आदराने म्हणाला. राखाडी, राठ केस, पिवळे दात, आणि चेहऱ्यावर वर्षभर मेंटेनन्स न भरलेल्या सभासदाचा निवांतपणा. तेलुगूत हिला ‘डुक्कर-उंदीर’ अशा अर्थाचं नाव आहे, आणि त्यावरूनच इंग्रजांनी ‘बँडिकूट’ केलं. म्हणजे आंध्रात पटली, साहेबाला पटली, आमच्या कमिटीलाच तेवढा पुरावा कमी पडला. हिंदीतली घूस असती तर ‘तथाकथित’ शोभलं असतं, ती कधीच सिद्ध होत नाही. ही तर मरून पडली होती. आणखी काय करायला हवं होतं तिने? आधार कार्ड दाखवायला हवं होतं?

कारण सरळ आहे. वार्षिक अहवालात ‘आपली सोसायटी उंदीरमुक्त आहे’ असं छापलंय. पेस्ट कंट्रोलचं वर्षाचं कंत्राट आहे, आवारात १४ काळे डबे आहेत, प्रत्येकाला नंबर आहे. ठराव झाल्यानंतर चार पाय, मिशा आणि शेपूट घेऊन जे काही फिरेल, ते तथाकथितच.

आरोपीबद्दल थोडं. चिंगी जॅक रसेल टेरिअर आहे. वजन सहा किलो, त्यातलं पाच किलो मत. ‘टेरिअर’ हा शब्दच फ्रेंचमधल्या जमिनीवरून आला. बिळात शिरून आतल्याला बाहेर काढायचं, हा या जातीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. १८२३ साली लंडनमध्ये बिली नावाच्या टेरिअर रक्ताच्या कुत्र्याने साडेपाच मिनिटांत शंभर उंदीर मारल्याची नोंद आहे. ते उंदीर तथाकथित होते का, हे त्या लोकांना सुचलं नाही. पैजेचे पैसे लागले होते, त्यामुळे मोजदाद चोख होती.

घरात चिंगीबरोबर राहणं म्हणजे फौजदाराला पेइंग गेस्ट ठेवणं. फ्रिजखाली एकदा चिचुंद्री गेली होती. ती मागच्या पावसाळ्यात निघूनही गेली, पण चिंगीचा पहारा उठलेला नाही. रोज रात्री नऊ ते अकरा ती फ्रिजसमोर पोटावर पडून असते. आम्ही दही तिला ओलांडून काढतो. पालीपायी पडदा गेला, झुरळापायी सोफ्याचा कोपरा गेला. कुकरची शिट्टी झाली की आधी ती ओट्याखाली तपास करते, मग आम्ही गॅस बंद करतो.

पण पहाटे पावणेसहाला, पार्किंगच्या कोपऱ्यातल्या चेंबरपाशी, ती वेगळीच असते. एक पाय वर, कान पुढे, शेपटीचं फक्त टोक थरथरतंय. तोंडातून आवाज नाही, हे विशेष. मग झाकणाच्या फटीतून नाक, मिशा, डोकं, आणि पुढचं मला नीट दिसतच नाही इतक्या लवकर होतं. मानेमागे पकड, दोन हिसडे, संपलं. खात नाही. अलगद खाली ठेवते आणि माझ्याकडे बघते, सही घ्यायला आल्यासारखी.

आता त्या झाकणाबद्दल. चेंबरचं झाकण फुटून तीन वर्षं झाली. मी दोन अर्ज दिले, दोन्हींची पोच माझ्याकडे आहे. गेटवर सोनेरी अक्षरांचा, रात्री दिवे लागणारा बोर्ड बसवला, त्याला पैसे होते. लॉबीत प्लास्टिकचा बांबू लावला, त्याला पैसे होते. एका सिमेंटच्या झाकणाला मात्र तीन कोटेशन्स लागतात, आणि तिसरं तीन वर्षांत कोणी आणलेलं नाही! वरून डक्टमध्ये उरलेला भात फेकणारे हात रोज तेच, आणि ‘कुत्र्यामुळे अस्वच्छता’ म्हणून लिफ्टमध्ये नाक दाबणारे हातही तेच. त्या डब्यांतलं विष खाऊन उंदीर जागीच मरत नाही. त्याचं रक्त गोठेनासं होतं, तीन-चार दिवसांनी तो कुठेतरी भिंतीत, डक्टमध्ये मरतो आणि आठवडाभर सगळा मजला एकमेकांच्या स्वयंपाकावर संशय घेतो. तसला अर्धमेला उंदीर चिंगीने खाल्ला तर काय, या धास्तीने मी डॉक्टरांना विचारून व्हिटॅमिन के-१ कुठे मिळतं ते शोधून ठेवलंय. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो म्हणून तिला दरवर्षी लस देतो. हा सगळा खर्च माझा, उंदीर सोसायटीचे, आणि बदनामीही माझ्यामुळे!

असो. रक्तदाब वाढतो.

पेस्ट कंट्रोलचा पोरगा महिन्यातून एकदा येतो. डबे उघडतो, मुंग्या झटकतो, वडी बदलतो. त्याच्या फॉर्मवर ‘आढळलेले मृत उंदीर’ असा एक रकाना आहे आणि तो बिचारा प्रामाणिकपणे शून्य लिहीत आला होता. परवा बॉक्स क्रमांक ७ पाशी उभा राहून त्याने हळूच विचारलं, “काका, तुमच्या घुशी आमच्या खात्यात टाकू का? साहेब ओरडतात.”

मी म्हटलं, टाक.

गेल्या रविवारच्या सभेत कंत्राटाचं नूतनीकरण झालं. तिमाहीत नऊ मृत, उत्कृष्ट कामगिरी, दरात दहा टक्के वाढ, टाळ्या. पुढचा विषय माझा दंड. खुलासा असमाधानकारक ठरला. मी पाचशेची नोट दिली, सेक्रेटरींनी तिथेच पावती फाडली. ‘तथाकथित’ लिहायला जागा पुरली नसावी. पावतीवर तारीख आहे, शिक्का आहे, खाली त्यांची झोकदार सही आहे, आणि मजकूर एवढाच: ‘घूस. रु. ५०० रोख मिळाले.’