आठ दिवसांत सुरगाणी ड्रायव्हर व्हा

नाशिकच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकून आलात? हरकत नाही, ते विसरायला फार वेळ लागत नाही. तिथे आरशात बघायला शिकवतात. आपल्याकडे आरसा भांग पाडण्यासाठी असतो, आणि मोटारसायकल नवी असेल तर तो पहिल्याच दिवशी काढून घरी माळ्यावर ठेवायचा. इंडिकेटर मात्र राहू द्या. कुणाच्या तरी वरातीत एकदा चालू झालेला डावा इंडिकेटर पुढच्या वरातीपर्यंत बंद करायची गरज नसते.

पहिला दिवस हॉर्नचा. वळणावर हॉर्न वाजवला की पलीकडून येणारी गाडी विरघळून जाते, असा आपल्या सुरगाणा तालुक्यात पक्का समज आहे. बोरगावहून सुरगाण्याकडे येताना हॉर्नवर अंगठा दाबून ठेवायचा आणि रस्त्याच्या मधोमध यायचं. समोरचाही हेच शिकलेला असतो. मग दोघं मध्ये भेटतात, ब्रेक करकचतात, काचा खाली होतात आणि एकमेकांच्या घरची चौकशी होते. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी हे 2017 च्या वाहन चालवण्याच्या नियमांत लिहिलंय. चढावर थांबलेली भरलेली गाडी पुन्हा उचलताना मागे घसरते, त्यामुळे हा नियम आहे. पण हे सांगू नका. सांगणारा बाहेरचा आहे, हे लगेच ओळखू येतं.

वळणावर दिसत का नाही, हा प्रश्न कुणी विचारत नाही. पावसाळा संपता संपता साईडपट्टीवरचं गवत पुरुषभर होतं आणि अख्खं वळण गिळून टाकतं. ते कापायला निविदा लागत नाही, विळा लागतो. सप्टेंबरअखेर एका पाड्याने एक वळण घेतलं तरी पुरे. शिवाय ज्याने कापलं त्याच्या गुरांना चारा.

दुसरा दिवस पेट्रोल वाचवण्याचा. गुजरातेत पेट्रोल लिटरमागे आठ-दहा रुपयांनी स्वस्त मिळतं, म्हणून उंबरठाणच्या बाजूची मंडळी टाकी भरायला हद्दीपलीकडे जातात. इथवर सगळं शहाणपणाचं. पुढचा धडा असा की उतार लागला की गाडी न्यूट्रलवर टाकायची, जमल्यास इंजिनही बंद करायचं. वाऱ्याचा आवाज छान ऐकू येतो. मात्र इंजिनाने गाडी धरून ठेवणं थांबतं, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात, आणि चौथ्या-पाचव्या वळणाला ब्रेक पायाखाली मऊ लागतो. जुने एसटी ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरवर घाट चढशील त्याच गिअरवर उतर. दोन ओळींचं ज्ञान आहे, पण त्यात तीन रुपयांचं पेट्रोल जास्त जळतं म्हणे.

2 फेब्रुवारी 2025 च्या पहाटे त्र्यंबकेश्वरहून द्वारकेला निघालेली भाविकांची खासगी बस सापुताऱ्याच्या घाटात कठडा तोडून दरीत गेली. किमान पाच जण गेले. ती आमच्याच बाजूने पुढे गेलेली. त्या दिवशी चहाच्या टपरीवर कुणी न्यूट्रलचा विषय काढला नाही. चार दिवसांनी पुन्हा सगळे उतारावर वाऱ्याचा आवाज ऐकायला लागले.

तिसऱ्या दिवशी हतगडला चला. थंडीत इथे रस्त्याच्या कडेने स्ट्रॉबेरीच्या डब्या मांडलेल्या असतात. लाल रंग दिसला की ब्रेक मारायचा हे नाशिकच्या शिक्षकाने शिकवलेलं असतंच, तेवढं इथे लागू पडतं. कडेला घ्यायची मात्र गरज नाही. डांबरावरच उभं राहून काच खाली करायची आणि भाव करायचा. मागचा आपटला तर तो त्याचा दोष. पावसाळ्यात दुकानं नसतात, पण धुकं असतं, आणि सुरतेपासूनचे पाहुणे शनिवार-रविवारी वर येतात. गुजरातेत दारूबंदी असल्याने यातले काहीजण हद्दीअलीकडे आमच्याकडे थोडा वेळ विसावतात आणि मग धुक्यात घाट उतरतात. दारू पिऊन चालवण्याला पहिल्या खेपेस दहा हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. बाटली अलीकडे रिकामी होते, गाडी पलीकडे आपटते, आणि दोन राज्यांचे पोलीस आपापल्या कमानीशी उभे असतात. दोघांनी मिळून शनिवारी संध्याकाळी एकाच ठिकाणी तोंडात नळी धरायला लावली, तर मला वाटतं अर्धा धडा इथेच रद्द होईल.

चौथा दिवस फरशीचा. पाणी फरशी पुलावरून वाहत असताना काठावर दहाजण उभे असतील तर त्यांच्यातला एकजण तरी ‘जाईल, जाईल’ म्हणतोच. तोच आपला गुरू. तो स्वतः कधी जात नाही.

पाचवा आणि सहावा दिवस एकत्र, कारण पिकअप एका दिवसात भरत नाही. हा अभ्यासक्रमाचा गाभा आहे. द्राक्षाची छाटणी लागली की पहाटे सहाला फाट्यावर या. हौद्यात आधी बायका बसतात, पाय पोटाशी घेऊन, फडक्यात नागलीची भाकरी. मग पुरुष उभे राहतात, दांडीला धरून. मग पोरं, कुणाच्या तरी मांडीवर. मग फाळका लागत नाही, म्हणून तो तसाच आडवा सोडून त्यावर आणखी चौघं. क्लीनर मोजत नाही. तो टायर बघतो. टायर किती बसला यावर अजून दोन बसतील की नाही हे त्याला कळतं. एकदा मी त्याला विचारलं, किती झाले? तो म्हणाला, ‘सर, गाडी सांगल.’

या माणसाला शिव्या देणं फार सोपं आहे. मीही दिल्या आहेत. पण या बायकांना साडेसातला दिंडोरीकडच्या बागेत पोचायचंय, आणि त्या वेळेला फाट्यावर दुसरं काही येत नाही. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. न आलेल्या गाडीचं अर्धं तिकीट. आणि पिकअपच्या प्रवासात एक मेख आहे जी फाट्यावर कुणी सांगत नाही. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या माणसांची भरपाई सहसा विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली आशा राणी खटल्यात ठरवलं. मालाबरोबर मालाचा मालक बसला असेल तर त्याला विमा आहे. टोमॅटोबरोबर टोमॅटोवाल्याला आहे. या बायकांजवळ कात्री आणि भाकरी, त्यामुळे त्या कशाच्याच मालक ठरत नाहीत.

छाटणीच्या हंगामात पहाटे फाट्याहून सुटणाऱ्या दोन एसट्या सोडल्या आणि मुकादम पिकअपला देतो ते भाडं बागायतदारांनी एसटीकडे वळवलं, तर ड्रायव्हर सुधारायची वाटसुद्धा बघावी लागणार नाही. हे मी एकदा एका बैठकीत बोललो. एकाने नोंद केली. मग चहा आला.

सातवा दिवस घरगुती शिक्षणाचा. पोरगं नववीत गेलं की त्याला किल्ली द्यायची आणि मागे दोन मित्र बसवायचे. ट्रिपल सीटला हजार रुपये दंड आहे, आणि अल्पवयीन पोराने गाडी चालवली तर पालकाला पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माझ्या भाच्याला मी हे वाचून दाखवलं. त्याचा बाप म्हणाला, ‘भाऊजी, शाळा सात किलोमीटर आहे, तुम्ही सोडता का रोज?’ मी दोन दिवस सोडलं. हेल्मेटचं म्हणाल तर नाशिक शहरात 2021 मध्ये हेल्मेट नसेल तर पेट्रोल नाही, असा फतवा निघाला होता. आमच्या पाड्यावर पेट्रोल किराणा दुकानातल्या बाटलीतून मिळतं, आणि बाटली कुणाचं डोकं बघत नाही.

रस्ताच खराब, मग ड्रायव्हरला काय बोलता, असं काहीजण म्हणतील. 2022 च्या अखेरीस सीमेवरच्या गावांनी आम्हाला गुजरातेत घाला असं निवेदन दिलं, त्यात रस्त्यांचं गाऱ्हाणं होतंच. खरं आहे. पण गेल्या काही वर्षांत जिथे जिथे डांबर नवं झालं तिथे खड्डे गेले आणि वेग आला. खड्डा हाच आमचा एकमेव वाहतूक पोलीस होता.

आठव्या दिवशी परीक्षा. ती शाळेजवळच्या पाड्यावर होते. तिथे मागच्या पावसाळ्यात एका पोराला मोटारसायकलने उडवलं. पोरगं वाचलं, पाय वाकडा राहिला. निवेदन दिलं, उत्तर आलं नाही. मग एका रात्री पाड्याने रस्त्यावर स्वतःच मुरमाचा उंचवटा घातला. कागदावरचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि दहा सेंटीमीटर उंच असतो, गाडी अलगद चढून उतरावी असा. हा हातभर रुंद आणि गुडघ्याला लागेल असा. वर पट्टे नाहीत, अलीकडे पाटी नाही. पहिल्याच आठवड्यात रात्री एकजण त्यावरून उडाला. म्हणजे एक धोका बुजवायला दुसरा तयार केला, आणि तरी मी त्या लोकांना नावं ठेवू शकलो नाही.

परवा तिथे गेलो तर एक आजी घरात उरलेला चुना डब्यात कालवून फडक्याने त्यावर पट्टे ओढत होत्या. दोन मोटारसायकली हळू झाल्या, एकाने तर पाय टेकवला. तिसरा आला तो मोबाईल खांद्यात धरून, उंचवट्याच्या कडेने साईडपट्टीवरून निघून गेला. आजींनी फडकं डब्यात टाकलं, कडेची जागा डोळ्यांनी मापली आणि नातवाला हाक मारली, ‘आरं, आजून एक घमेलं आन मुरमाचं.’