दाबलंय, आता खोला!

गाडी जोरात पळावी म्हणून पैसे घालणाऱ्याला लोक शौकीन म्हणतात. ती वेळेवर थांबावी म्हणून घालणाऱ्याकडे मात्र जरा काळजीनेच बघतात. "ब्रेक लागत नाहीत का?" शेजारच्या नानांनी विचारलं. लागतात, म्हटलं. "मग?" या 'मग'पुढे माणूस हरतो. अलॉय व्हील दिसतात, हॉर्न गल्लीभर ऐकू जातो. ब्रेक पॅडचं कौतुक करायला कोणी चाकाआड वाकून बघत नाही.

आमची स्कॉर्पिओ 2006 ची. पुढे डिस्क, मागे ड्रम. चिपळूणच्या माणसाला कुंभार्ली घाट चुकत नाही. भरल्या गाडीने पाटणकडून उतरताना निम्म्यावर करपट वास आला की ही दर वेळी जेवणाचा डबा उघडून बघायची. वास पॅडचा असायचा.

म्हणून पुढचे पॅड चांगल्यापैकी आणले, रबरी पाइपांच्या जागी स्टीलच्या जाळीचे घेतले आणि डॉट 4 ब्रेक ऑइल. जुना रबरी पाइप दाब आला की आधी स्वतः फुगतो आणि उरलेलं पुढे पाठवतो. प्रत्येक ऑफिसात असा एक साहेब असतो. ऑइलची तऱ्हा वेगळी. ते हवेतली ओल पितं. कोरं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल पिऊन बसलं की ही हद्द 155 पर्यंत उतरू शकते. उकळलं की वाफेचे बुडबुडे, आणि पेडल थेट तळाला. ज्या गावात जुलैत कपाटातल्या कमरेच्या पट्ट्याला बुरशी येते, तिथे हे ऑइल वर्षानुवर्षं बदलायचं नाही म्हणजे धाडसच.

रविवारी चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर घेऊन खाली स्टँड दिले. कॅलिपर सोडवून तारेने टांगला, पिस्टन सी-क्लॅम्पने मागे रेटला. नाना खुर्ची घेऊनच आले होते. "पॅडला बोटभर ग्रीस लावा, आवाज करणार नाहीत."

"नाना, मग ते काहीच करणार नाहीत."

पाइप बदलले की आत शिरलेली एअर काढावी लागते, आणि त्याला दोन माणसं लागतात. पेडलवाल्याने दाबून धरायचं, चाकापाशी बसलेल्याने निपल सैल करायचं, नळीतून बुडबुडे बाटलीत गेले की आवळायचं. मगच पाय सोडायचा. आधी सोडला की हवा परत आत. सुरुवात सगळ्यात लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून.

"दाब!"

"दाबलं. अहो, खाली चाललंय!"

"जाऊ दे. धरून ठेव."

"मग आधी सांगायचं. सोडू?"

"नको!"

"ओरडू नका, लोक बघतायत."

बघत होतेच. गॅलरीतली पोरं तर 'दाब-सोड' असा कोरस धरून उभी. मागच्या उजव्या चाकाला आमचा सूर जुळला, आणि पुढच्या उजव्याला पोचेपर्यंत हुकूम वरून सुटू लागले. "दाबलंय, आता खोला. पुरे, आवळा. पेडल कडक लागतंय बघा." खरोखरच लागत होतं.

नव्या पॅडची डिस्कशी ओळख व्हावी म्हणून मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, ब्रेक मारून तो उतरवायचा, पुन्हा घ्यायचा, असं बरंच चाललं. मागचा रिक्षावाला कंटाळून पुढे निघून गेला. परतल्यावर नानांचा प्रश्न तयार होता : "मायलेज किती वाढलं?"

आता घाटात करपट वास येत नाही. पूर्वी ही शेजारच्या सीटवरून मॅटवर पाय दाबायची, तेही थांबलंय. आता ती समोर बघत शांतपणे सांगते, "उशिरा दाबलंत."