खोल रिमचे शास्त्र

अलिबाग–चौल रस्त्यासाठी चाके निवडणाऱ्या मुंबईकर सायकलपटूंचे कौतुक करावे तेवढे थोडे. टायर 25 मिलिमीटरचा की 28चा, यावर मांडव्याच्या बोटीत चालतो तेवढा काथ्याकूट रेवदंड्याच्या पोर्तुगिजांनी तहातही केला नसेल. रुंद टायर कमी हवेत खड्डे सोसतो. पण दिसतो गावठी. सबब, अरुंदच. 50 मिलिमीटर खोल कार्बन रिम वारा कापते म्हणे. आमची नम्र सूचना: 80ची घ्यावी, खड्ड्यांची खोलीही मोजून होईल. खाऱ्या आडव्या वाऱ्याने रिमचे शीड झालेच, तर सुपारीच्या वाडीत थेट प्रवेश, फाटक न उघडता.

परवा चौलच्या रामेश्वर मंदिराच्या पुष्करणीपाशी अशी चाके पाहिली. मुंबईहून आलेली, तरी ओरखडा नाही! मालकांनी फोटो काढला आणि सायकल पुन्हा मोटारीच्या टपावर चढवली.