लायसनवाले

हिंगोली जिल्ह्यात पाटील, अडते आणि गुत्तेदार, म्हणजे सरकारी कामे घेणारे कंत्राटदार, या तिन्ही वर्गांतून जो एक चौथा वर्ग हळूहळू आकाराला आला आहे, त्याला शासकीय भाषेत ‘शस्त्रपरवानाधारक’ आणि मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, भाषेत ‘लायसनवाले’ म्हणतात. निजामी अमदानीतील छावणीमुळे ज्या शहरातील वस्त्यांना पलटण, रिसाला, तोफखाना आणि पेन्शनपुरा अशी नावे पडली, तेथे एका गृहस्थाने एक रिव्हॉल्वर बाळगणे तसे किरकोळच मानायला हवे. पण लायसनवाल्यांना ते किरकोळ वाटत नाही, आणि इतरांनाही तसे वाटू नये याची ते चालताना, बसताना व विशेषतः वाकताना काळजी घेतात.

1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार हा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, आणि तत्पूर्वी पोलिसांकडून अर्जदाराच्या चारित्र्याची व त्याच्या जीविताला असलेल्या धोक्याची चौकशी होते. ज्याचे कोणाशीच वाकडे नाही अशा सज्जनाची या टप्प्यावर मोठी पंचाईत होते. मग बांधावरून अबोला धरलेला एखादा चुलतभाऊ अर्जापुरता कर्दनकाळ ठरवावा लागतो, आणि परवाना मिळाल्यावर गावात त्या चुलतभावाचाही दबदबा वाढतो, हा या कायद्याचा एक दुर्लक्षित परिणाम होय.

शस्त्राच्या निवडीत मात्र फारसा वाव नसतो. अमेरिकेतील शौकीन नामांकित कारागिराकडून आपल्या तळहाताच्या मापाचे ‘सिंगल ॲक्शन’ रिव्हॉल्वर घडवून घेतात. अशा रिव्हॉल्वरमध्ये प्रत्येक गोळीपूर्वी घोडा, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आघात घडवणारा मागचा खटका, अंगठ्याने ओढावा लागतो आणि चाप तो फक्त सोडतो. कोल्ट कंपनीचे 1873 चे रिव्हॉल्वर हा या जातीचा प्रसिद्ध नमुना. ‘डबल ॲक्शन’मध्ये घोडा उचलणे व सोडणे ही दोन्ही कामे एकटा चाप करतो. भारतात विनापरवाना शस्त्र घडवणे, त्यात बदल करणे, इतकेच नव्हे तर ते दुरुस्त करणे हाही गुन्हा असल्याने लायसनवाल्यांच्या वाट्याला बहुधा कानपूरच्या आयुध निर्माणीचे .32 बोरचे, सहा घरांचे रिव्हॉल्वर येते, जे दोन्ही रीतींनी चालते. त्यातील अंगठ्याची रीतच ते पसंत करतात, कारण तिचा ‘खट्’ असा आवाज शेजारच्या खोलीतही ऐकू जातो. कानपूरनेच 2014 मध्ये प्रामुख्याने महिलांसाठी ‘निर्भीक’ हे अवघ्या 500 ग्रॅमच्या आसपासचे रिव्हॉल्वर काढले, तेव्हा या वर्गाने त्याकडे पाठ फिरवली. नावामुळे नव्हे, तर ज्याच्या वजनाने पट्टा एका बाजूला ओढला जात नाही ते शस्त्र कमरेला असून नसल्यासारखे, या व्यावहारिक विचाराने.

रिव्हॉल्वर मापाने घडवता येत नाही, म्हणून सारी हौस म्यानावर भागवली जाते. जाड चामडे, पितळी बटण, आद्याक्षरे, काडतुसांसाठी ओळीने शिवलेली घरे, असा तो थाट असतो. आणि नेमके हे म्यानच शस्त्राच्या मुळावर उठते, कारण चामडे ओल धरते, त्यातील कमावणीची रसायने पोलादाला गंज आणतात व पितळी काडतुसांवर हिरवट पुटे चढतात. परिणामी दर रविवारी ओसरीवर वर्तमानपत्र अंथरून गज, चिंधी, ब्रश व तेलाची बाटली मांडली जाते. जी नळी परवाना मिळाल्यापासून एकदाही तापलेली नाही, तिच्यात डोळा घालून ती बंदुकीच्या धुराने काळवंडली आहे काय, हे गंभीरपणे तपासले जाते. वसमतच्या हळदीच्या अडत्याकडे हा विधी हंगामात आठवड्यातून दोनदा होतो, कारण हळदीची धूळ कुलूपबंद कपाटातही शिरते. तेल जास्त झाल्यास ते काडतुसात उतरून दारू निकामी होऊ शकते, हे ठाऊक असूनही तेल कमी पडल्याचे उदाहरण आढळत नाही.

शस्त्र धन्याचे रक्षण करील ही मूळ कल्पना. प्रत्यक्षात धनीच शस्त्राची राखण करत हिंडतो. लग्नात जेवताना ते टोचते, लॉजवर झोपताना उशाखाली घ्यावे लागते, विमानतळावर त्याच्यापायी खुलासे द्यावे लागतात. वरातीत बार काढण्याचा आग्रह तर होतोच; 2019 च्या दुरुस्तीने अशा बेदरकार गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवल्यापासून ‘काडतूस महाग झालंय’ हे उत्तर ठरून गेले आहे.

खरी कसोटी निवडणुकीत लागते. आचारसंहिता लागली की छाननी समिती परवाने तपासते आणि ज्यांची नावे यादीत येतात त्यांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. यादीत नाव येणे अपमानास्पद, पण न येणे त्याहून अपमानास्पद, कारण त्याचा अर्थ प्रशासनाला आपल्यापासून काहीच धोका वाटत नाही असा होतो. 2009, 2014 आणि 2019 या तिन्ही विधानसभा निवडणुकांच्या आचारसंहितेत दसरा सापडला. म्हणजे ज्या हिंगोलीचा दसरा दूरवर प्रसिद्ध आहे, तेथेच शस्त्रपूजनाच्या पाटावर ठाण्याची पावती ठेवून तिला झेंडू, कुंकू व आपट्याचे पान वाहण्याची पाळी या वर्गावर आली. 2024 मध्ये दसरा 12 ऑक्टोबरला आला व आचारसंहिता 15 ला लागली, त्यामुळे त्या वर्षी ठाणे अंमलदाराला जमा करून घेतलेल्या शस्त्राच्या घोड्यात अडकलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची पंचनाम्यात नोंद करावी की नाही, हा प्रश्न पडण्यास वाव होता.