कानाने बघणारे काका

सोसायटीत डॉक्टर नसला तर नसेल, पण जुना कॉम्प्युटर दुरुस्त करणारे काका असतातच. बहुधा टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. खिशात पेनाच्या शेजारी स्टार स्क्रू ड्रायव्हर. नव्या लॅपटॉपचं त्यांच्यापुढे नाव काढायचं नाही, "त्यात उघडण्यासारखं ठेवलंय काय?" म्हणून ते तोंड फिरवतात. पण आपला जुना कोअर टू ड्युओ हल्ली फार घरघरतो, असं लिफ्टमध्ये नुसतं पुटपुटा. संध्याकाळी बेल वाजलीच म्हणून समजा.

चप्पल काढता काढताच "टीव्ही बंद करा" असा हुकूम सुटतो. मग काका टेबलाखाली शिरतात, कॅबिनेटला कान लावतात आणि डोळे मिटतात. घरातले सगळे उगाचच श्वास रोखून उभे.

"सूंऽऽ असेल तर धूळ. प्रोसेसर तापतो, म्हणून बोर्ड पंख्याला पळवतं. टकटक असेल तर वायर पात्याला लागतेय. हा घर्रर्र आहे. बेअरिंग!"

तरी पुरावा हवाच. बाजूचं झाकण उघडून ते पेन्सिलीचं रबराचं टोक प्रोसेसरवरच्या पंख्याच्या मधोमध अलगद टेकवतात, दोन सेकंदच. आवाज थांबतो. पेन्सिल उचलली की पुन्हा घर्रर्र. "म्हणजे पॉवर सप्लायचा पंखा निर्दोष," असा निकाल देऊन ते आपल्याकडे अशा नजरेने बघतात, की जणू आपण त्या पंख्यावर खोटा आळ घेतला होता.

खरं तर असा पंखा दोन-चारशे रुपयांत नवा मिळतो. पण हे बोलायचं नसतं. काकांच्या लेखी नवीन आणणं म्हणजे शरणागती. आधी प्लग काढतात आणि कूलर उतरवतात. 2004 साली आलेल्या 775 सॉकेटवर इंटेलचा कूलर चार प्लास्टिकच्या पिनांवर बसतो. प्रत्येक पीन बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायची. पंखा बाजूला झाला की खालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर धुळीची अख्खी घोंगडी निघते. काका ती सबंध सोलून काढतात आणि घरातल्या काकूंना दाखवतात. काकूंनी रोज झाडलोट केली त्याचं काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही, पण तो खोलीभर पसरतो.

मग पंख्यावरचा स्टिकर नखाने उचलतात. खाली बोट टेकवून हुंगतात. "खोबरेल कोणी घातलं?" घरातला मुलगा आईकडे बघतो. "थंडीत गोठतं ते! शिवणाच्या मशीनचं आणा." एक थेंब. दुसऱ्या थेंबासाठी कोणी बाटली पुढे केली, तर हातावर चापटी बसते.

वाळून खडखडीत झालेली जुनी पेस्ट पुसायची, मसुराच्या दाण्याएवढी नवी लावायची आणि पिना समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दाबायच्या. दाबताना मदरबोर्ड वाकतं आणि कट्ट असा आवाज होतो. त्या क्षणी यजमानांचा चेहरा बघण्यासारखा असतो. काका मात्र मोजतात : "एक... दोन... तीन... ही चौथी नाटकं करते."

कॉम्प्युटर सुरू. पडद्यावर इंग्रजीत : सीपीयू फॅन एरर, एफ-1 दाबा. पंख्याची वायर जोडायची राहिलेली. काका शांतपणे ती जोडतात. "बघत होतो, बोर्ड जागं आहे का."

घर्रर्र आठवडाभर थांबतं, मग परत येतं. बेअरिंग एकदा झिजलं की तेल त्याची तात्पुरती समजूत घालतं, एवढंच. शेवटी काका स्वतःच बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जातात, चार दुकानांत घासाघीस करून नवा पंखा आणतात, वर रिक्षाचे पैसे घेत नाहीत. जुना पंखा रुमालात गुंडाळून खिशात टाकतात. "असू दे, कामाला येतो."

महिन्याभराने बी विंगमधल्या आजींच्या कॉम्प्युटरमध्ये काकांनी पंखा बदलला. दुसऱ्याच दिवशी आजींची तक्रार : घरघर होतेय. काका गेले, कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "घाबरू नका आजी, पंखा माझ्या ओळखीचा आहे."