कार्बनचे हँडल बसवण्याचा यथासांग विधी

डोंगरी सायकलीचा भार हलका करण्याचे दोन मार्ग शास्त्रसंमत मानले जातात: सायकलस्वाराने स्वतःचे वजन उतरवणे, किंवा कार्बन तंतूंचे हँडल विकत घेणे. त्यांपैकी पहिल्याला खर्च नसल्यामुळे प्रतिष्ठाही नाही, म्हणून येथे दुसऱ्याचाच विचार केला आहे.

केसाहून कितीतरी बारीक अशा कार्बन तंतूंचे थर वेगवेगळ्या दिशांनी एकमेकांवर रचून, इपॉक्सी नावाच्या राळेने सांधून आणि साच्यात उष्णता व दाब देऊन घडवलेली पोकळ नळी म्हणजे हे हँडल होय. 780 ते 800 मिलिमीटर रुंदीचे असे हँडल साधारण 200 ते 250 ग्रॅम भरते, तर तेवढ्याच रुंदीचे ॲल्युमिनियमचे 300 ते 350. म्हणजे लाभ सुमारे 100 ग्रॅमांचा. बाटलीतले चार घोट पाणी चढाच्या पायथ्याशी ओतून दिले तरी एवढाच लाभ होतो (पिऊन टाकले तर होत नाही, कारण तो भार फक्त जागा बदलतो). 1976 साली कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत ‘रिपॅक’ शर्यतीच्या उतारावरून जुन्या, जाड टायरांच्या सायकली सोडणाऱ्या मंडळींच्या मागच्या हबमधले ग्रीस ब्रेक दाबून दाबून जळून जाई, त्यामुळे हँडलच्या ग्रॅमांचे चिंतन करण्यास त्यांना सवड मिळाली नसावी.

खरेदीपूर्वी हँडलच्या मध्याचा व्यास 31.8 मिलिमीटर आहे की 35, हे पाहावे, कारण हँडल पकडणारा स्टेम नावाचा भाग त्याच मापाचा नसल्यास नवा स्टेमही घ्यावा लागतो आणि घरी द्यावयाचे स्पष्टीकरण दुप्पट लांबते. रुंदी कमी करायची असल्यास दोन्ही टोकांना सारखे माप घेऊन, चिकटपट्टी गुंडाळून, बारीक दात्यांच्या करवतीने कापावे. तोंडावर मास्क असावाच, कारण ती भुकटी फुप्फुसाला घातक असते. कापलेले तुकडे वजनकाट्यावर ठेवून मिळालेले ग्रॅम एकूण लाभात जमा करण्याचा प्रघात आहे.

मुख्य विधी बोल्ट आवळण्याचा. स्टेमच्या पकडीत ग्रीस न लावता कार्बन पेस्ट लावावी. तिच्यातील बारीक कणांमुळे घर्षण वाढते आणि कमी आवळूनही हँडल फिरत नाही. चारही बोल्ट तिरप्या क्रमाने थोडे थोडे फिरवावेत, आणि स्टेमवर छापलेली मर्यादा, जी बहुधा 5 न्यूटन-मीटरच्या आसपास असते, ती टॉर्क रेंचने पाळावी. एक न्यूटन-मीटर म्हणजे मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे 100 ग्रॅमांचा भार टांगल्यावर पडणारा पीळ. हा भार वाचवलेल्या वजनाइतकाच निघावा, हा योगायोग होय. ‘हाताला अंदाज आहे’ असे म्हणणाऱ्या जाणत्यांना या प्रसंगी चहाला पाठवावे, कारण पाना आणखी अर्धा वेढा फिरवून खात्री करून घेण्याची त्यांची सवय पोलादाला सोसते, कार्बनला सोसत नाही.

ॲल्युमिनियमचे हँडल पडल्यावर बहुधा वाकते आणि आपली व्यथा उघड दाखवते. कार्बनचे मात्र आतले थर सुटले तरी वरून तुकतुकीत दिसू शकते आणि पुढे भर उतारावर एकाएकी तुटते. म्हणून जोराच्या आपटीनंतर स्टेम व ब्रेकच्या पकडीखालचा भाग उघडून तपासावा, आणि शंका आली तर हँडल बदलावे. जुने ॲल्युमिनियमचे हँडल तोवर भंगारात देऊ नये. नव्यासाठी पैसे साठेपर्यंत तेच चालवावे लागते.